अठरा तुकड्यांची आकृती

पेन्सिलवालीनं नमुन्याचं कार्ड आणि मास्टरबाईंचा कागद, दोन्ही टेबलावरच गोल फिरवून स्वतःकडे वळवले, आणि मास्टरबाई दचकल्या. कार्डावरची आकृती बदलली होती. मघाशी तिथं एका टोकाला त्रिकोण होता, आता एक ठसठशीत फुली आली होती, फुलीच्या खाली चौकट, चौकटीत आडव्या रेघा, आणि यातलं काहीही त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. शिवाय दोन मिनिटांपूर्वी एवढं मन लावून काढलेलं त्यांचं चित्र कागदावर नव्हतंच. कागद कोरा करकरीत. "कार्ड बदललंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि माझा कागद कुठाय?"  पेन्सिलवालीनं दोन्ही कागद पुन्हा होते तसे फिरवले. चित्र परत आलं. त्रिकोण परत आला. फुली गेली. "परत फिरवा," मास्टरबाई म्हणाल्या. तिनं फिरवले. फुली आली, चित्र गेलं. "परत." असं चार वेळा झालं, आणि चौथ्या वेळी मास्टरबाईंच्या हातांवर कोपरापर्यंत काटा आला. कार्ड एकच होतं. कागद एकच होता. बदलत काहीतरी तिसरंच होतं.

तोवर सगळं कसं झकास चाललं होतं. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरची ही खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला लावलेलं फायलींचं कपाट. मेंदूला मार बसलेल्या माणसांची इथं तपासणी होते एवढं त्यांना सांगितलेलं होतं. समोरची मुलगी असेल अठ्ठावीस-तीसची. तिनं कार्ड पुढं ठेवून सांगितलं होतं, "हे बघून तसंच काढा. घाई नाही." आणि दर थोड्या वेळानं हातातली पेन्सिल काढून घेऊन दुसऱ्या रंगाची देत होती, म्हणजे कुठला भाग आधी काढला, कुठला नंतर, ते तिला मागाहून कळावं. मास्टरबाईंनी तिचं नाव तिथल्या तिथं पेन्सिलवाली ठेवून टाकलं. लाल, निळी, हिरवी, त्यांनी झरझर रेघा ओढल्या. शर्टांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्या कापड कापत होत्या, म्हणून मास्टरबाई. पट्टी न लावता कॉलरची गोलाई काढणारा हात होता तो. त्या हातानं चित्र काढायची परीक्षा द्यायची, याचं त्यांना हसूच आलं होतं. पेन्सिलवालीनं "पूर्ण झालं?" असं तीनदा विचारलं तेव्हा जरा रागही आला होता. झालं म्हणजे झालं. कापायला सांग, कापून देते.

हातच शिवशिवत होते. सहा आठवड्यांपूर्वी गोदामात वरच्या फळीवरचा तागा काढताना पायाखालचं स्टूल सरकलं आणि डोक्याची उजवी बाजू लोखंडी रॅकच्या कोपऱ्यावर आदळली. आत रक्त साचलं, ऑपरेशन झालं, उजवीकडचे केस गेले आणि आता ते दाढीच्या खुंटांसारखे उगवत होते. पण हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, टाक्यांचे हिशेब शाबूत. कारखान्याच्या मालकीणबाईंचा निरोप आला होता की मोठी ऑर्डर आहे, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत तुमची जागा धरून ठेवते, पण मशीनवर उभं राहायला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र हवं. मशीन म्हणजे उभ्या पात्याचं. कापडाचे साठ थर एकावर एक पसरायचे, वर खडूनं आखायचं, आणि वरखाली धावणारं ते पातं आखलेल्या रेघेवरून न्यायचं. उजव्या हातानं मशीन ढकलायचं, डाव्या हातानं पात्याच्या पुढं कापड दाबून धरायचं. त्या हातात लोखंडी कड्यांचा मोजा असतो, पण उकाड्यात तो कितीजण घालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टर म्हणाले, पत्र देतो, त्याआधी चित्राची एक साधी तपासणी करून घेऊ.

"तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही," पेन्सिलवाली आता सांगत होती. ती शब्द जपून वापरत होती, काचेची भांडी मांडावीत तशी. "डोळ्यांनी आणलेलं सगळं जिथं जुळवलं जातं, तिथं मार बसलाय. त्यामुळं डावीकडचं तुमच्या ध्यानातच येत नाही. अंधार दिसतो असं नाही. तिकडं काही असेल असंच वाटत नाही."

"मग सहा आठवडे मला कळलं कसं नाही?"

"कळणार कसं? काही सुटलंय हे सांगायला डोक्यात तिकडं बघणारं कुणी हवं ना."

मास्टरबाईंना घाबरायला हवं होतं. पेन्सिलवाली त्यासाठी पाण्याचा पेला पुढं सरकवूनही बसली होती. भीती आलीही, पण तिच्या मागोमाग, तिला ढकलून बाजूला सारत, दुसरंच काहीतरी उसळून वर आलं, आणि त्याला काय म्हणावं ते त्यांना कळेना. एखादा शर्ट अंगावर बसत नाही, खांद्याशी ओढतो, शिंपी म्हणतो कापडाचा दोष, मालक म्हणतो शिंप्याचा, आणि मग आपण तो उसवून टेबलावर पसरतो आणि बघतो तर बाही जोडतात त्या मुंढ्याची गोलाई दोन सूत चुकलेली. त्या वेळी जे होतं ते. सहा आठवडे कुठंतरी ओढत होतं. दाराच्या चौकटी डाव्या खांद्यावर येऊन आदळत होत्या. माणसं हवेतून उगवल्यासारखी एकदम समोर येत होती. वर्तमानपत्रातल्या बातम्या अर्ध्या वाक्यापासून सुरू होत होत्या, आणि त्यांना वाटत होतं, हल्ली लिहितातच असं. हे सगळं वेगवेगळं नव्हतं. एकच चूक होती ती, आणि ती सापडली होती. "ते कार्ड जरा चारी बाजूंनी दाखवा मला," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिलवालीनं दाखवलं. त्यांनी ते नव्या फॅशनचा नमुना पाहावा तसं, टक लावून, पिऊन घेतलं.

घरी त्या आणि त्यांची नणंद, दोघीच. वन्सं टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. वयानं मास्टरबाईंपेक्षा चार वर्षांनी लहान, पण लग्न झाल्या दिवसापासून मास्टरबाई त्यांना तुम्ही म्हणत आणि त्या वहिनीला तू. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली तरी ते तसंच राहिलं होतं. त्या दिवशी जेवताना मास्टरबाईंनी ताटली संपवली, हात थांबवला, आणि मग श्वास रोखून ताटली अर्धी फिरवली. अंडं होतं. अख्खं अंडं, शेजारी बटाट्याच्या फोडी, टोमॅटो. "वन्सं, हे तुम्ही आत्ता वाढलंत?"

"मघाशी वाढलं. रोजच वाढते. रोज तू ठेवतेस. मी समजले, आजारपणात तोंडाची चव गेली असेल."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"चाळीस वर्षं लोकांचे फोन जोडलेत मी, वहिनी. मधे बोलायची सवय नाही." मग त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे तू माझ्यावर रुसली नव्हतीस? मी या बाजूला बसते. महिनाभर बघते आहे, तू माझ्याकडे मान म्हणून वळवत नाहीस." मास्टरबाईंनी चटकन मान वळवली, वळवतच नेली, भिंत गेली, खिडकी गेली, आणि त्या सगळ्याच्या शेवटी वन्सं बसलेल्या होत्या, डोळ्यांत पाणी आणि हातात वाढायचा चमचा. मास्टरबाई हसत सुटल्या. हसता हसता त्यांना वाटलं, एवढी मोठी बाई, एवढा मोठा चमचा, आणि मला पत्ता नाही.

त्यानंतरचे दिवस त्यांच्या पायाला भिंगरी होती. पेन्सिलवालीनं अभ्यास दिला होता. पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारायची आणि ती लाल रेघ सापडेपर्यंत डोळे न्यायचे, मगच वाचायला लागायचं. त्या ते करत, पण तेवढ्यानं भागेना. सगळं उलटंपालटं करून बघायची त्यांना चटक लागली. कपाट उघडायचं, बघायचं, मग पाठ फिरवून आरशातून बघायचं. गल्लीतून जायचं आणि यायचं. जाताना किल्ल्या करणारा, औषधांचं दुकान, इस्त्रीवाला. येताना चपलांचं दुकान, शाळेची भिंत, टायरवाला. दोन वेगवेगळ्या गल्ल्या. एका भाड्यात दोन गावं मिळाल्यासारखं वाटे, आणि वन्सं म्हणत, "इतकी वर्षं याच गल्लीत काढली आणि आता बघ कशी पाहुणीसारखी हिंडते आहेस."

मग एका दुपारी आडवं पडल्या पडल्या त्यांनी कारखाना आठवायला घेतला. डोळे मिटून दारात उभ्या राहिल्या. वाफेचा वास आला, उकळत्या कांजीचा आला, इस्त्रीची टेबलं आली, बटणं लावणाऱ्या बायकांची रांग आली, त्यातल्या बुटक्या बाईचं सतत गुणगुणणं आलं, पाण्याची टाकी आली. सगळं जागच्या जागी. पण कुठंतरी मन खात होतं. एकतीस वर्षं जिथं उभ्या राहिल्या ते स्वतःचं टेबल काही दिसेना. कापायचं टेबल, वीस फूट लांब, मधोमध त्यांच्या आधीच्या कटिंग मास्तरांच्या विडीनं पडलेला डाग. ते टेबल नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात कारखाना ओलांडला, थेट मागच्या भिंतीशी जाऊन पाठ टेकवली आणि दाराकडे तोंड केलं. आणि टेबल आलं. लख्ख. डागासकट, वरून लोंबणाऱ्या वायरीसकट, खिडकीतून पडणाऱ्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्यासकट. आणि इस्त्रीची टेबलं गेली, बटणवाल्या बायका गेल्या, गुणगुणणं तेवढं उरलं. त्या ताडकन उठून बसल्या. हे डोळ्यांचं नव्हतंच मुळी. मिटल्या डोळ्यांआडसुद्धा अर्धं कापून नेलेलं होतं. मग त्यांना नवरा आठवला. रस्त्यानं चालताना तो कायम त्यांच्या डाव्या बाजूला असे, उजव्या हातातली पिशवी मध्ये येऊ नये म्हणून. त्यांनी तो जुना रस्ता आठवला, दोघं संध्याकाळचे घरी येतात तो. रस्ता होता, पिशवी होती, तो नव्हता.  त्यांनी मनात चालणाऱ्या त्या स्वतःला थांबवलं, तोंड फिरवून आल्या वाटेनं चालायला लावलं, आणि तो उजवीकडे आला, आपल्या त्या जरा पुढं झुकलेल्या चालीनं, काहीतरी सांगत. काय सांगत होता ते ऐकू येईना. पण होता. त्या किती तरी वेळ तशाच बसून त्याच्याबरोबर उलट्या दिशेनं चालत राहिल्या. घरापासून लांब लांब जात होत्या, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

महिनाअखेर जवळ आली तशी या सगळ्या गमतीला धार आली. पत्र मिळायचं तर आकृती पुन्हा काढावी लागणार होती, आणि ती आकृती त्यांना पाठ होती. त्यांनी तिचे तुकडे मोजले होते. अठरा. मधल्या रेघेच्या या अंगाला नऊ, त्या अंगाला नऊ. घरात नमुने काढायचा खाकी कागद होता, त्याच्यावर त्या रोज सकाळी ती काढत. डाव्या हाताचं बोट कागदाच्या कडेला टेकवून ठेवायचं आणि मधल्या रेघेपासून बोटांनी मापत जायचं. चार बोटांवर फुली. फुलीच्या वर दोन बोटं, चौकट. चौकटीत आडव्या चार. दिसतंय की नाही याची पर्वा करायची नाही. माप चुकत नाही. आठव्या दिवशी अठराच्या अठरा आले. वन्संनी कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "वहिनी, हे तर छापल्यासारखं आलं की गं." मास्टरबाईंचा ऊर भरून आला.

पेन्सिलवालीसमोर तर हात आणखीच सुटला. लाल, निळी, हिरवी, जांभळी. पेन्सिलवाली पुढं वाकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत चाललेलं मास्टरबाईंना काठाकाठानं जाणवत होतं. त्यांनी शेवटची आडवी रेघ ओढली, पेन्सिल ठेवली. पेन्सिलवालीनं कागद उचलला, कार्डाशी धरला, आणि पहिल्यांदाच मनमोकळं हसली. "अहो, सगळं आहे. अठराही भाग आहेत. पाच आठवड्यांत एवढं मी कुणाचं पाहिलेलं नाही. डॉक्टरांना आत्ताच कळवते." ती कागद टेबलावर ठेवून कपाटातून फाईल काढायला उठली.

मास्टरबाई कागदाकडे बघत होत्या. कागदावर उजवा भाग होता. डावा भाग, जो त्यांनीच आत्ता काढला होता, तो नव्हता. तो तिथं आहे हे त्यांना माहीत होतं, आपला पत्ता पाठ असावा तसं माहीत होतं. आणि एकाएकी त्यांना तो डावा हात दिसला, म्हणजे दिसला नाही, कळला. कागदाच्या कडेला टेकलेलं ते बोट. कागद हलत नाही. कागदावर चार बोटं म्हणजे चार बोटं. पण साठ थर कापड पात्याखाली जिवंत असतं, सरकतं, फुगतं, आणि त्याला दाबून धरणारा हात दर क्षणी नव्या जागी असतो. तो हात कुठं आहे हे कोण मोजणार? त्यांना वाटलं, गप्प बसावं. फाईल अजून कपाटातच होती. गप्प बसायला काहीच करावं लागणार नव्हतं. 

"मॅडम, बसा जरा," त्या म्हणाल्या. "मी हे मोजून काढलंय."

"म्हणजे?"

"पाठ केलंय. घरी रोज काढत होते. बोटांनी मापून. मला ते दिसत नाहीये. आत्तासुद्धा दिसत नाहीये."

पेन्सिलवाली फाईल हातात धरून उभीच राहिली. मग खुर्चीत बसली. रागावेल असं मास्टरबाईंना वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, "हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं."

"दुसरं चित्र नाही का? न पाहिलेलं?"

होतं. टेबलाच्या खणात तळाशी, पिवळ्या पाकिटात. तेवढ्याच तोलाची, पण सगळी वेगळी आकृती. पेन्सिलवालीनं ती पुढं ठेवली, लाल पेन्सिल दिली, आणि मास्टरबाईंनी उजवीकडून सुरुवात केली. मोठा चौकोन, त्याला चिकटलेला बाण, आत नागमोडी रेघ. पेन्सिल बदलली. त्या डावीकडे सरकू लागल्या, लाल रेघ नसलेल्या कागदावर लाल रेघ शोधत. काही सापडलं, तिरपी रेघ, ती काढली. आणखी पुढं गेल्या. दोन ठिपके, तेही ओढून ताणून मिळाले. मग काहीच नाही. त्या थांबल्या. आता डोळे थकले होते, डोक्यात उजवीकडे खुंटांखाली ठणकत होतं. त्यांनी पेन्सिल ठेवायला हात खाली नेला, नजर कुठंच नव्हती, आणि तेवढ्यात अगदी टोकाला, जिथं त्या बघतही नव्हत्या, तिथून काहीतरी आपण होऊन पुढं आलं. छोटं वर्तुळ. पोरानं पाटीवर काढावं तसं. मोजलेलं नव्हतं, पाठ नव्हतं, कार्ड कुणी फिरवलं नव्हतं. ते नुसतं आलं आणि राहिलं.  मास्टरबाईंनी वर्तुळ काढलं. जरा वाकडंच आलं. एकतीस वर्षांत इतकी वाकडी गोलाई त्यांच्या हातून कधी निघाली नव्हती.

पेन्सिलवालीनं मोजलं. डावीकडचे पाच भाग सुटले होते. पहिल्या दिवशी नऊच्या नऊ सुटले होते. डॉक्टरांनी पत्र लिहिलं ते असं, की निदान सहा महिने मशीन नाही, पुढं बघू. बाहेर बाकावर वन्सं बसल्या होत्या. मास्टरबाईंनी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, आणि वहिनीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "जागा गेली, आणि तू हसतेस?"

"वन्सं, मला एक वर्तुळ दिसलं."

"बरं," वन्सं म्हणाल्या. मग आणखी थोडा वेळ विचार करून त्यांनी विचारलं, "केवढं?" मास्टरबाईंनी बोटांच्या चिमटीनं दाखवलं. वन्संनी त्या चिमटीकडे असं निरखून पाहिलं, जसं काही ते अजून तिथं धरलेलंच आहे.

मालकीणबाईंना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून त्या तिथून तडक कारखान्यात गेल्या. मालकीणबाईंनी पत्र दोनदा वाचलं. ऑर्डर अंगावर आलेली होती, नवा कटर आठवडाभर आधीच ठेवून घेतला होता. चाळिशीचा, जाड चष्म्याचा, कमी बोलणारा माणूस. "तुमची जागा तर आता..." मालकीणबाई म्हणाल्या. मास्टरबाई म्हणाल्या, "जागा त्यांचीच. मला आखणी करू द्या. खडूनं कुणाचं बोट तुटत नाही. डावी कड त्यांनी तपासून घ्यायची, बाकीच्याला मी जबाबदार. कापड कसं पसरायचं ते मी त्यांना दाखवीन." मालकीणबाईंनी नव्या माणसाकडे पाहिलं. तो टेबलाशी हाताची घडी घालून सगळं ऐकत होता. "माझी हरकत नाही," तो म्हणाला. "फक्त मशीन चालू असताना तुम्ही माझ्या डावीकडे उभ्या राहा. म्हणजे मी तुमच्या उजव्या अंगाला येईन, तुम्हाला नीट दिसेन."

"नको," मास्टरबाई म्हणाल्या. "मी उजवीकडे राहते. हातभर लांब. मशीन माझ्या डाव्या अंगाला असू दे."

"तिकडं तर तुम्हाला दिसत नाही म्हणता."

"म्हणूनच."

त्यानं खांदे उडवले, लोखंडी मोजा चढवला, बटण दाबलं. टेबल थरथरलं. मास्टरबाईंच्या समोर कापडाची उजवी कड होती, खडू होता, खिडकीतलं ऊन होतं, आणि मशीनचा आवाज येत होता तो जी जागाच नव्हती तिथून. त्यांनी मान वळवायला सुरुवात केली.